लिंबूटिंबूचं गणित

माझा भाचा डेट्रॉइटजवळच्या एका गावात नोकरीला आहे. गेल्या सप्टेंबरात त्याचा फोन आला, "मामा, मी इथे बोलिंग लीगमध्ये नाव घातलंय." फोन स्पीकरवर होता. त्याची आजी, म्हणजे माझी आई, पलीकडून म्हणाली, "अरे, चाळिशी आली, आता कुठे फास्ट बोलिंग करतोस? कंबर सांभाळ!" नाशिक रोडच्या आमच्या घरात बोलिंग म्हणजे क्रिकेटचं, दुसरं नाहीच. मग त्याने समजावलं की हे ते दहा पिना पाडायचं बोलिंग. मॉलमध्ये असतं ते.

पण मला खरी गंमत वाटली ती दोन आठवड्यांनी. पठ्ठ्याने आयुष्यात चार-पाच वेळाच तो गोळा हातात धरलेला. समोर तीस वर्षं खेळणारा, मोटार कारखान्यातून निवृत्त झालेला गृहस्थ. त्याने १९० गुण केले, आमच्या भाच्याने १३०. आणि जिंकला कोण? तर आमचा भाचा! हे कसं काय, म्हणून मी खोदखोदून विचारलं, मग वाचायला लागलो, आणि वाचता वाचता बराच लांब गेलो. तेच आज लिहितोय.

आधी खेळ थोडक्यात सांगतो. साठ फूट लांबीची गुळगुळीत, तेल लावलेली लाकडी (हल्ली बऱ्याच ठिकाणी कृत्रिम) पट्टी. तिला लेन म्हणतात. टोकाला त्रिकोणात दहा पिना. गोळा जास्तीत जास्त सोळा पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोंचा, पण नवख्याने आठ-दहा पौंडांचा घेतला तरी चालतो. दोन्ही बाजूंना पन्हळ असते. तिला ते लोक चक्क 'गटर' म्हणतात, आणि नवख्याचा गोळा बहुतेक वेळा तिथेच जातो. एका डावात दहा फ्रेम, प्रत्येक फ्रेममध्ये दोन चेंडू. पहिल्याच चेंडूत दहाही पाडल्या तर स्ट्राईक, दोन चेंडूंत मिळून पाडल्या तर स्पेअर. स्ट्राईक झाला की पुढच्या दोन चेंडूंत जेवढ्या पिना पडतील त्या जादा मिळतात, स्पेअर झाला की पुढच्या एका चेंडूच्या. लागोपाठ बारा स्ट्राईक म्हणजे पूर्ण ३०० गुण.

यातली एक गोष्ट नवख्याला कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवी. प्रत्येक फ्रेममध्ये नऊ पाडल्या आणि उरलेली एक राहू दिली तर डावाचे होतात ९०. तीच उरलेली एक पिन दर वेळी दुसऱ्या चेंडूत पाडली तर होतात १९०! एकही स्ट्राईक नाही, तरी शंभर गुण वाढले. थोडक्यात, पहिला चेंडू टाळ्यांसाठी आणि दुसरा चेंडू गुणांसाठी. (हे मी भाच्याला ऐकवलं तर म्हणतो, "मामा, तू इथे येऊन खेळून दाखव.")

आता लीग. चार-पाच जणांचा एक संघ. आठवड्यातला एक वार ठरलेला, समजा मंगळवार संध्याकाळ. हंगाम सप्टेंबरला सुरू होतो तो एप्रिल-मेपर्यंत, तीसेक आठवडे. दर आठवड्याला वेगळ्या संघाशी गाठ, प्रत्येकाने तीन डाव खेळायचे. दोन लेनची जोडी मिळते आणि एक फ्रेम या लेनवर, पुढची त्या लेनवर असं चालतं. दर आठवड्याला वर्गणी, त्यातली काही रक्कम लेनच्या भाड्याला, काही बक्षिसांच्या गल्ल्यात. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार सगळं रीतसर. आपल्या गणेश मंडळासारखंच, फक्त लाऊडस्पीकर नाही.

आणि आता ते गणित. नवा खेळाडू आला की त्याच्या पहिल्या रात्रीच्या तीन डावांवरून बहुतेक लीग त्याची सरासरी काढतात. भाच्याची निघाली ११०. त्यांच्या लीगने आधारअंक धरलाय २२०, आणि आपली सरासरी त्याच्या जेवढी खाली, त्याच्या ९० टक्के गुण दर डावाला बहाल. याला हॅंडिकॅप म्हणतात. २२० वजा ११० म्हणजे ११०, त्याचे ९० टक्के ९९. समोरच्या आजोबांची सरासरी १९०, फरक ३०, त्यांना मिळतात २७. त्या दिवशी भाच्याचे १३० अधिक ९९ म्हणजे २२९. आजोबांचे १९० अधिक २७ म्हणजे २१७. झालं, आजोबा हरले!

मी म्हटलं, ही तर फुकटची खिरापत झाली. पण नीट बघा. दोघंही आपापल्या सरासरीइतकंच खेळले असते तर भाच्याचे २०९ आणि आजोबांचे २१७. म्हणजे तीस वर्षांच्या सरावाला आठ गुणांचा मान ठेवलाय. पूर्ण शंभर टक्के हॅंडिकॅप दिला तर तो मानही जातो, काहीच दिला नाही तर नवखा दुसऱ्या आठवड्यात येणारच नाही. भाचा जिंकला तो आजोबांपेक्षा चांगला खेळला म्हणून नव्हे, स्वतःच्या कालच्यापेक्षा चांगला खेळला म्हणून. आणि जसजसा तो सुधारेल तसतशी सरासरी वर जाईल, हॅंडिकॅप आपोआप घटेल. काही बिलंदर मुद्दाम वाईट खेळून सरासरी पाडून ठेवतात, ऐन स्पर्धेत हात दाखवतात. त्याविरुद्धही नियम आहेत. माणसं सगळीकडे सारखीच!

आपल्याकडे नवख्याचं काय करतात? आमच्या लहानपणी लगोरी, विषामृत, डबा ऐसपैस खेळताना कोणाचं तरी शेंबडं भावंडं मागे लागायचं. त्याला आम्ही लिंबूटिंबू करायचो, काही जण कच्चा लिंबू म्हणतात. तो पळणार, ओरडणार, पण आऊट झाला तरी आऊट नाही आणि त्याने कोणाला आऊट केलं तरी ते धरायचं नाही. प्रेमाचीच सोय, पण पोराला ते थोड्याच दिवसांत कळतं. 'मला खरं खरं घ्या' म्हणून रडणारं पोर प्रत्येक गल्लीत होतं. तो खेळात असतो, पण त्याचं काही मोजलं जात नाही.

दुसरी आपली पद्धत म्हणजे गट पाडायचे. कबड्डीच्या गावोगावच्या स्पर्धा वजनी गटांत व्हायच्या. मुंबईची कांगा लीग १९४८ पासून पावसाळ्यात चिखलात चालते, तिच्यात ए पासून जी पर्यंत डिव्हिजन आहेत. नवा क्लब खालून सुरू करतो आणि चढत जातो. ही पद्धत न्यायाची आहे, शंका नाही. पण तिच्यात नवखा नवख्यांबरोबरच राहतो. तीस वर्षं खेळलेल्या माणसाच्या शेजारी बसून, त्याचा गोळा कसा वळतो ते बघत, त्याच्याविरुद्ध खरंखुरं जिंकायची किंवा हरायची सोय तिच्यात नाही. ती हॅंडिकॅपने केली.

हा शब्द आला कुठून, तेही मजेशीर आहे. जुन्या इंग्लंडात वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ होता. दोन वस्तूंमधला किमतीचा फरक किती, ते तिसरा माणूस पंच म्हणून ठरवायचा, आणि तिघांनी पैसे टोपीत ठेवून हात टोपीत घालायचे. टोपीतला हात, हॅंड इन कॅप! तिथून तो घोड्यांच्या शर्यतीत गेला. चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादायचं, म्हणजे शर्यत चुरशीची. पुण्या-मुंबईच्या रेसचा नाद असलेल्यांना हे सांगायला नको. तिथून गोल्फ आणि मग बोलिंग.

पण सरासरीला अर्थ यायचा तर माप एक हवं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ते नव्हतं. जर्मन लोकांनी आपला नऊ पिनांचा खेळ तिकडे नेला होता. त्यावर जुगार चालतो म्हणून कनेटिकट राज्याने १८४१ साली बंदी घातली, तेव्हा कायद्याला चकवायला दहावी पिन आली, अशी एक दंतकथा आहे. (दहा पिनांचे उल्लेख त्याआधीचेही सापडतात, पण दंतकथा ऐकायला छान आहे.) गावोगावी गोळे वेगळे, पिना वेगळ्या, गुण मोजायच्या पद्धती वेगळ्या. १८७५ साली नियम ठरवायचा एक प्रयत्न झाला, टिकला नाही. शेवटी ९ सप्टेंबर १८९५ रोजी न्यूयॉर्कच्या बीथोव्हेन हॉलमध्ये क्लबांचे लोक जमले आणि अमेरिकन बोलिंग काँग्रेस स्थापन झाली. लेन किती, गोळा केवढा, पिन केवढी, कमाल गुण ३००, सगळं एक झालं. १९०१ साली शिकागोत पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९१६ साली सेंट लुईसमध्ये चाळीस बायका जमल्या आणि त्यांनी आपली वेगळी संघटना उभी केली.

इथवर वाचून मला फार बरं वाटत होतं. नवख्याला, अडाण्याला, म्हाताऱ्याला सगळ्यांना एका पट्टीवर आणणारा खेळ! आणि मग त्याच १९१६ सालची दुसरी नोंद वाचली. अमेरिकन बोलिंग काँग्रेसच्या घटनेत त्या वर्षी कलम आलं की सभासद फक्त गोऱ्या वंशाचे पुरुष असतील. बायकांच्या संघटनेनेही तसंच गोऱ्यांपुरतं कलम ठेवलं. म्हणजे तुमची सरासरी ११० असली तर ९९ गुण देऊ, पण कातडी काळी असली तर दारातूनच परत. ९० टक्क्यांचा हिशोब करणाऱ्या मंडळींना यात काही विसंगत वाटलं नाही. काही ठिकाणी तर काळी पोरं तिथेच कामाला असायची. तेव्हा यंत्रं नव्हती, पडलेल्या पिना उचलून पुन्हा मांडायला पोरं लागत. पिना मांडायला चालतात, पाडायला चालत नाहीत.

हे वाचताना नाशिकच्या माणसाला काय आठवणार, ते सांगायला नको. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारापाशी सत्याग्रह सुरू झाला, तो पुढे काही वर्षं चालला आणि तरी दार उघडलं नाही. आणि मला आठवला तो आपला, खराखुरा क्रिकेटचा बोलर, पळवणकर बाळू. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टी झाडणं, रोलर फिरवणं हे त्याचं काम. साहेबांना सराव हवा म्हणून नेटमध्ये तासन्‌तास त्याच्या डावखुऱ्या फिरकीचा मारा, पण हातात बॅट मिळायची नाही. पुण्याच्या हिंदू संघाला जिंकायचं होतं म्हणून त्याला घेतलं. मैदानात चेंडू एकच, मात्र चहाच्या वेळी त्याचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच माणसाने ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्याला कधी मिळालं नाही. ते १९२३ साली त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळालं. बाळूच्या बळींची मोजणी चोख होती. कागदावर ११४ म्हणजे ११४. अडचण मोजणीत नव्हतीच.

असो. डेट्रॉइटकडे परत येऊ, कारण पुढचं नाट्य तिथलंच आहे. १९३९ साली डेट्रॉइटमध्ये काळ्या खेळाडूंनी नॅशनल निग्रो बोलिंग असोसिएशन काढली. नियम तेच, लेन तेवढीच, गोळा तोच, फक्त दार स्वतःचं. पण वेगळं दार हा काही शेवटचा उपाय नव्हे. दुसरं महायुद्ध संपलं, आणि मोटार कामगारांच्या युनियनने प्रश्न लावून धरला. कारखान्यात एकाच पट्ट्यावर शेजारी शेजारी काम करणारे दोघं संध्याकाळी एका लीगमध्ये का खेळू शकत नाहीत? जपानी वंशाच्या अमेरिकनांच्या संघटनेनेही जोर लावला. ह्यूबर्ट हम्फ्री, जे पुढे अमेरिकेचे उपाध्यक्ष झाले, ते तेव्हा मिनियापोलिसचे महापौर होते. या मोहिमेच्या समितीचे ते एक प्रमुख होते. प्रकरण इलिनॉयमध्ये कोर्टात गेलं, आणि मे १९५० मध्ये काँग्रेसने ते कलम काढून टाकलं. चौतीस वर्षांनी!

नियम गेला म्हणून दारं लगेच उघडली असं मात्र नाही. साऊथ कॅरोलायनातल्या ऑरेंजबर्ग गावात एक बोलिंगची जागा १९६८ सालीही फक्त गोऱ्यांसाठी होती. तिच्याविरुद्ध तिथल्या कॉलेजच्या काळ्या विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली आणि ८ फेब्रुवारीच्या रात्री पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तीन तरुण पोरं मेली, पंचवीसहून अधिक जखमी झाली. दहा पिना पाडायच्या खेळासाठी! पण तसं म्हटलं तर चवदार तळ्याचं पाणी तरी कोणी फक्त तहानेसाठी मागत होतं का?

मधल्या काळात पिना मांडणारं यंत्र आलं. १९४६ साली ते प्रदर्शनात दाखवलं गेलं आणि १९५० च्या दशकात सगळीकडे पसरलं. मांडणारी पोरं गेली, लेन वाढल्या, कारखान्यांच्या, चर्चच्या, बायकांच्या, रात्रपाळीवाल्यांच्या (त्यांची लीग सकाळी!) लीग निघाल्या. १९७० चं दशक संपताना पुरुषांच्या आणि बायकांच्या संघटनांचे मिळून नव्वद लाखांच्या आसपास सभासद होते. आणि मग ओहोटी लागली. रॉबर्ट पुटनम नावाच्या प्राध्यापकांनी १९९५ साली एक लेख आणि २००० साली एक जाडजूड पुस्तक लिहिलं, दोन्हींचं नाव 'बोलिंग अलोन'. त्यांनी दाखवलं की १९८० ते १९९३ या काळात अमेरिकेत बोलिंग खेळणारे दहा टक्के वाढले, पण लीगमध्ये खेळणारे चाळीस टक्के घटले. लोक खेळत होते, पण ठरलेल्या वारी, ठरलेल्या माणसांबरोबर नाही. त्यांनी असंही लिहिलंय की लीगवाले सुट्या खेळाडूंच्या तिप्पट बिअर आणि पिझ्झा संपवतात. जागेच्या मालकाचं पोट त्यावर. माझ्या मते चकाट्याही तिप्पट होत असणार, पण त्याचे आकडे कोण ठेवतो?

त्याच पुस्तकातली एक हकीकत मी घरात सगळ्यांना वाचून दाखवली. डेट्रॉइटपासून तासाभरावर यप्सिलँटी गाव आहे. तिथल्या लीगमध्ये खेळणारे एक चौसष्ट वर्षांचे गृहस्थ, हॉस्पिटलातून निवृत्त झालेले, तीन वर्षं किडनीसाठी यादीत नाव लावून थांबले होते. त्याच लीगमधल्या तेहतीस वर्षांच्या एका अकाउंटंटला हे बोलता बोलता समजलं. दोघांची ओळख फक्त त्या लीगपुरती. नातं नाही, शेजार नाही. त्या पोराने आपली एक किडनी देऊ केली, आणि १९९७ साली दिली. देणारा गोरा होता, घेणारा काळा.

आई म्हणाली, "वाचले का ते?" त्या दोघांचं पुढचं आयुष्य मी शोधत बसलो नाही. मी मात्र १९५० सालाचा विचार करत होतो. ते कलम राहिलं असतं तर ते दोघं मंगळवारी की गुरुवारी शेजारी बसलेच नसते, आणि बोलता बोलता काही समजायचा प्रश्नच नव्हता.

आपल्याकडे हे बोलिंग मोठ्या प्रमाणावर आलं ते मॉलचं बोट धरून. वाढदिवसाला पोरांना न्यायचं, तासाचे पैसे भरायचे, दोन डाव खेळून पिझ्झा खाऊन घरी. लेन तीच, पिना त्याच, पण पुढच्या मंगळवारी शेजारच्या लेनवर कोण असेल ते माहीत नाही. तक्रार नाही माझी, पोरांना मजा येते. पण अमेरिकेतून आपण पिना आणल्या आणि लीग तिकडेच राहिली, असं वाटतं खरं.

लीगच्या नियमांत अजून एक बारीकशी गोष्ट आहे, ती मला सगळ्यात आवडली. एखादा खेळाडू आला नाही तर त्याची जागा शून्य धरत नाहीत. त्याची सरासरी वजा दहा, एवढे गुण त्याच्या नावावर मांडतात (किती वजा करायचे ते लीगवर असतं). म्हणजे न आलेला माणूसही फळ्यावर असतो, आणि त्याच्या नसण्याची किंमतही मांडलेली असते. भाचा जानेवारीत तापाने पडला तेव्हा संघाने ते दहा गुण सोसले, आणि त्याच रात्री चौघांचे फोन आले. त्यातला एक त्या हरलेल्या आजोबांचा होता, आणि ते तर त्याच्या संघातलेही नाहीत.

आता आमच्या सोसायटीत संध्याकाळी बॅडमिंटन चालतं. नवीन राहायला आलेलं कोणी कोर्टाच्या कडेला उभं राहून बघत असतं. चांगले खेळणारे आपापसात खेळतात, फार तर दोन शटल त्याच्याकडे टोलवून 'या, शिका' म्हणतात. प्रेमाने केलेलं लिंबूटिंबूच ते. या महिन्यापासून मी एक वही घातली आहे. ज्याची त्याची सरासरी लिहायची आणि नवख्याला ९० टक्क्यांच्या हिशोबाने गुण द्यायचे. पहिल्या आठवड्यात दोन पट्टीचे खेळाडू हरले आणि चिडले. दुसऱ्या आठवड्यात कोर्टावर सहा माणसं जास्त होती. त्यातल्या दोघांची नावं मला आजवर माहीत नव्हती, आणि ते राहतात आमच्याच मजल्यावर.